आधी टेप, मग बुरशी, विषय सगळ्यात शेवटी

प्रश्न: आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दसऱ्यापर्यंत घर रिकामं करून ऐरोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय. सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांची साधारण बाराशे पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, १४० व्हीएचएस कॅसेट आणि तीन पिशव्या भरून व्हीसीडी-डीव्हीडी आहेत. विषय म्हणाल तर किल्ले, होमिओपॅथी, कामगार चळवळ, नाटक, क्रिकेट, खगोलशास्त्र, स्वयंपाक. मी विषयवार ढीग लावायला बसले, पण ढीग संपतच नाहीत. नवरा म्हणतो रद्दीत द्या, सासूबाई म्हणतात एक पानही जाणार नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई, विषयवार ढीग लावणं आधी थांबवा. कामगार चळवळीवरचं नाटक कुठल्या ढिगात जाणार? गडांवरच्या माहितीपटाची डीव्हीडी किल्ल्यांच्या पुस्तकांशेजारी ठेवायची की सिनेमाच्या पिशवीत? जमिनीवर एका वस्तूला एकच जागा मिळते, म्हणून हे ढीग संपत नाहीत. विषयाचा प्रश्न कागदावर सुटतो, त्याकडे नंतर येऊ. आत्ता हातातले महिने बहुतेक पावसाचे आहेत, तेव्हा पहिली वाटणी एकाच कसोटीवर करा: आधी काय नासणार? सर्वात आधी कॅसेट. मग कसर किंवा बुरशी लागलेली पुस्तकं, कारण ती शेजारच्या पुस्तकांनाही लावतात. कोरडं, धडधाकट पुस्तक आणखी दहा वर्षं तसंच राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

व्हीएचएसची टेप म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर चिकट थरात बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. दमट हवेत तो थर पाणी ओढतो, मऊ पडतो आणि टेप चालवताना हेडवर, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागावर, खरवडून येतो. शिवाय यंत्रच दुर्मीळ झालंय. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती बनवणारी तीच शेवटची कंपनी. आता जे आहेत ते जुनेच.

१४०च्या १४० कॅसेट वाचवायच्या नाहीत. लेबलं वाचून, एकही न चालवता, दोन वाटे करा. बाजारातून विकत आणलेले किंवा केबलवरून उतरवून घेतलेले गाजलेले सिनेमे एका बाजूला. ते दुसरीकडे जास्त चांगल्या प्रतीत मिळतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. दुसऱ्या वाट्यात घरची लग्नं-मुंजी, सासऱ्यांनी चित्रित केलेली भाषणं, नाटकांचे हौशी प्रयोग, कामगार मेळावे आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरून उतरवलेले मराठी कार्यक्रम. दूरदर्शनवर टेप पुसून पुन्हा वापरायची त्या काळी रीतच होती, त्यामुळे असलं एखादं रेकॉर्डिंग आज फक्त तुमच्याच घरी असू शकतं. ज्यांच्यावर लेबल नाही त्याही याच वाट्यात टाका. समजा तीस कॅसेट निघाल्या. प्रत्येकी तीन तास धरले तर नव्वद तासांचं काम. कॅसेट संगणकावर घ्यायला ती जितकी लांब तितकाच वेळ लागतो, यात घाई करता येत नाही. ई-१८० (१८० मिनिटांची) कॅसेट 'एलपी'वर, म्हणजे अर्ध्या वेगाने, भरलेली असेल तर तीनच्या जागी सहा तास.

यंत्रात घालण्याआधी प्रत्येक कॅसेट उजेडात तिरकी धरा. खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. हेड चोंदतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी चौकोनी पट्टी असते. ती आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे आणा आणि त्यानंतरच चालवा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, या फेरीने ते सुटतात आणि ताण सारखा होतो.

ओळखीत कुणाकडे व्हीसीआर असेल तर मागून आणा आणि पहिल्यांदा त्यात टाकाऊ सिनेमाच घाला. जुन्या यंत्रातलं रबर कडक झालेलं असतं, टेप खाऊन टाकतं. चित्रात बर्फ पडल्यासारखं दिसलं तर हेड मळलंय. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शामॉय चामडं (मऊ, धागे न सुटणारं) भिजवून ते हेडच्या ड्रमला टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. चामडं वरखाली घासायचं नाही. कानातल्या कापसाच्या काड्या वापरल्या तर धागा हेडमध्ये अडकून ते तुटतं. पट्ट्यापट्ट्यांचं चित्र खालीवर सरकत असेल तर तो ट्रॅकिंगचा प्रश्न, बटणाने जुळवता येतो.

व्हीसीआरच्या पिवळी-पांढरी-लाल वायरी यूएसबी कॅप्चर कार्डाला आणि कार्ड लॅपटॉपला, एवढीच जोडणी. सेटिंगमध्ये पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. अमेरिकी एनटीएससी निवडलेलं राहिलं तर चित्र काळंपांढरं किंवा फाटलेलं येतं, आणि लोक समजतात टेप गेली. एमपेग-२ मध्ये ८ मेगाबिटला तासाला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. म्हणजे नव्वद तासांना सव्वातीनशे जीबी, एक टीबीची डिस्क पुरे. सॉफ्टवेअरने चित्र 'एचडी' करण्याच्या फंदात पडू नका. मूळ फाइल तशीच ठेवा, जी सजावट करायची ती प्रतीवर. स्टुडिओत देणार असाल तर आधी एकच कॅसेट द्या. डीव्हीडी नको, फाइल हवी, चित्रावर दुकानाचा शिक्का नको आणि मूळ कॅसेट परत हवी हे लिहून घ्या. तयार फाइलींच्या दोन डिस्क करा, त्यातली एक नातेवाइकांच्या घरी. पेनड्राइव्ह हे साठवणीचं साधन नाही.

टेप मध्येच तुटली तर सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद हेडवर जातो. टेप जोडायची पट्टी वेगळी असते.

पिशव्यांतल्या चकत्यांचं काम सोपं. व्हीसीडी संगणकात घाला, 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमधली .डॅट फाइल डिस्कवर उतरवा, व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती चालते. एका चकतीत सुमारे ७४ मिनिटंच मावत, म्हणून सिनेमा दोन-तीन चकत्यांचा असतो. जोड्या फुटू देऊ नका. चकती उजेडात धरल्यावर बारीक छिद्रं चमकली तर आतला धातूचा थर गेलाय, ती टाका. व्हीसीडीचा माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे लेबलावरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. टूथपेस्टचा उपाय सोडून द्या. घरी भरलेल्या सीडी आधी उतरवा, त्यांचा रंगद्रव्याचा थर उन्हाने विरतो. दुकानातल्या सिनेमाच्या डीव्हीडींना कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं. ते तोडत बसू नका, चकती ठेवा किंवा देऊन टाका.

आता पुस्तकं. एकेक पुस्तक कपाटातून काढून झटका, उलगडा, वास घ्या. झटकणं का, तर जुन्या पुस्तकांत पत्रं, फोटो, नोटा आणि कधीकधी शेअर सर्टिफिकेटही निघतं. रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी हे झालेलं बरं. पानांच्या कडा कुरतडलेल्या, पृष्ठभाग खरवडलेला आणि पुठ्ठ्याजवळची खळ खाल्लेली दिसली तर ती कसर. कपाटाच्या मागे मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तिथे पुस्तकांवर उपाय करून उपयोग नाही, कपाट भिंतीपासून हलवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. पुस्तकांवर थेट कीटकनाशक मारायचं नाही.

कसरीवर सर्वात खात्रीचा उपाय फ्रीजर आहे. दोन दारांच्या फ्रीजचं फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातं. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरत नाही. कोरडं पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टी लावा, वर दुसरी पिशवी चढवा. दोन आठवडे ठेवलंत की अंड्यांसकट कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. नाहीतर हवेतलं पाणी थंड कागदावर धरतं आणि कसर गेली तिथे बुरशी येते. एका वेळी आठ-दहा पुस्तकं मावतील, म्हणून ज्यांना कीड दिसतेय त्यांनाच हा मान द्या. (सासूबाईंना आधी विचारून. फ्रीजरवर सत्ता त्यांची असणार.) डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ माणसालाही बरी नाही, घरात तान्हं बाळ असेल तर मुळीच नाही. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंब ठेवायला हरकत नाही, पण लागलेली कीड त्याने जात नाही. ओला पाला ठेवलात तर उलट ओल वाढते.

बुरशी फ्रीजरने मरत नाही, नुसती झोपते. बुरशीचं पुस्तक आधी पंख्याखाली सावलीत उभं ठेवून पानं थोडी उघडी करा. पूर्ण कोरडं झालं की बुरशी भुरभुरीत होते. मग एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, गॅलरीत, मऊ ब्रशने, पुस्तकाच्या शिवणीकडून बाहेर झाडा. ओल्या फडक्याने पुसलं की ती कागदात मुरते. कडक उन्हात टाकायचा मोह होईल, पण त्याने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. पावसाचं पाणी लागून एखादं पुस्तक चिंब झालं आणि ते दोन दिवसांत वाळण्यासारखं नसेल तर पिशवीत घालून गोठवून टाका, सवडीने वाळवता येतं. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेलं असेल तर वाटच पाहू नका. त्याची पानं वाळताना विटेसारखी एकसंध होतात.

फाटक्या पानांना सेलोटेप, लॅमिनेशन आणि रबरबँड हे तिन्ही वर्ज्य. पातळ अंकांच्या गंजलेल्या पिना काढून मधून सुती दोरा ओवा.

हे चालू असतानाच यादी करा, म्हणजे पुस्तक एकदाच हातात घ्यावं लागतं. ग्रंथालयात दाखल नोंदवही असते तशीच, पण एक्सेलमध्ये. रकाने इतके: दाखल क्रमांक, लेखक किंवा दिग्दर्शक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, माध्यम, विषय एक, विषय दोन, स्थिती, खोका क्रमांक, निर्णय. पुस्तक, कॅसेट, चकती सगळ्यांना एकाच मालिकेतला क्रमांक. तुमचा विषयांचा गुंता इथे सुटतो. वस्तू कुठल्याही खोक्यात असली तरी यादीला 'किल्ले' ही गाळणी (फिल्टर) लावून पाहिलंत की पुस्तकं, अंक आणि डीव्हीडी सगळं एकत्र दिसतं, आणि कामगार चळवळीवरच्या नाटकाला दोन्ही विषय मिळतात. कपाटात लावताना उंची आणि माध्यम पाहायचं, विषय यादी सांभाळते.

ग्रंथालयाचा दशांश वर्गांक लावायचा हट्ट नको. हौस असेल तर मराठी साहित्य ८९१.४६, पाककृती ६४१.५, गिर्यारोहण ७९६.५२२ आणि सिनेमा ७९१.४३. पण घरात पंधरा-वीस मराठी शब्द पुरतात. फक्त ते आधी ठरवा. अर्ध्या नोंदींना 'गड' आणि अर्ध्यांना 'किल्ले' झालं की गाळणी फसते. नावं आडनावापासून, एकाच पद्धतीने. जुन्या पुस्तकांवर नुसतं शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८७५ म्हणजे १९५३, आणि पौषानंतरचं प्रकाशन असेल तर १९५४. अलीकडच्या पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा आयएसबीएन असतो, तो मोबाइलने स्कॅन होतो. जुन्या मराठी पुस्तकांना तो नाही, तिथे टंकायलाच हवं. क्रमांक शीर्षकपानाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. शाई नको, स्टिकर नको.

निर्णयाचा रकाना नवरा आणि सासूबाई यांच्यामधला वाद सोडवायला आहे. त्यात तीनच शब्द: ठेवा, द्या, रद्दी. सासूबाईंना बाराशे पुस्तकांबद्दल एकदम विचारलंत तर उत्तर 'नाही' हेच येणार. रोज वीस ओळी वाचून दाखवा.

काय ठेवावं याबद्दल आमचं मत बहुतेकांच्या उलट आहे. लोक जाडजूड, सोनेरी अक्षरांची पुस्तकं जपतात आणि पातळ, पिना मारलेले कागद फेकतात. छापील पुस्तकांच्या प्रती १९५४च्या कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा व्हायला हव्यात, त्यामुळे ती कुठेतरी सापडण्याची शक्यता असते. युनियनची पत्रकं, संपाच्या काळातले सायक्लोस्टाइल अहवाल, अनियतकालिकं, नाट्यस्पर्धेच्या आणि साहित्य संमेलनांच्या स्मरणिका यांना तसं कुणी वाली नसतं. ठाण्यात संमेलन १९६०, १९८८ आणि २०१० साली भरलं होतं. त्यातलं काही निघालं तर वेगळं काढा. १९८२च्या गिरणी संपाचं एखादं पत्रक निघालं तर त्याच्यासाठी पाच कादंबऱ्या सोडल्या तरी चालतील. गाण्यांच्या पुस्तिकाही याच जातीच्या. सिनेमाची प्रत हरवली तरी कथासार, गाणी आणि कलाकारांची यादी तिथे शिल्लक असते. पहिल्या आवृत्त्या, लेखकाच्या सह्या आणि सासऱ्यांनी समासात टिपणं केलेली पुस्तकं ठेवा.

प्राप्तिकराची जुनी पुस्तकं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कालबाह्य कायद्यांच्या आवृत्त्या यांना ग्रंथालयही हात लावत नाही. ती रद्दी. होमिओपॅथीची बरीचशी पुस्तकं स्वस्त पुनर्मुद्रणात मिळतात, निःशंक द्या. दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, पण सुटे अंक मुबलक असतात. एकाच मासिकाची सलग वर्षं असतील तर तो संच फोडू नका.

देणगी द्यायला जाताना खोकी घेऊन दारात उभं राहू नका. 'द्या' ही गाळणी लावून निघालेली यादी आधी पाठवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आहे. अशा संस्थेकडे सर्वसाधारण पुस्तकं आधीच असतात, त्यांना हवी असतात त्यांच्या संग्रहातली तुटलेली वर्षं. सिनेमाच्या पुस्तिका आणि भित्तिपत्रकांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. कुठेही दिलंत तरी क्रमांकांसकट पोच घ्या. स्कॅन करून सगळ्यांना वाटायचा विचार असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालू राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीला मुक्त झालं. सिनेमाची साठ वर्षं प्रदर्शनापासून मोजतात. घरच्या लग्नाची टेप अर्थातच तुमची.

बांधाबांध. मूव्हर्सवाल्याचे मोठे खोके पुस्तकांना वापरू नका. बारा बाय बारा बाय पंधरा इंची खोक्यात पस्तीसेक पुस्तकं मावतात, वजन चौदा किलोंच्या आसपास. म्हणजे सगळी ठेवलीत तर पस्तीस खोकी, निवड झाल्यावर कमी. मोठी पुस्तकं तळाला आडवी, बाकीची उभी. कणा वर आणि पानांची उघडी बाजू खाली अशी ठेवलीत तर बांधणी स्वतःच्या वजनाने सुटते. रिकाम्या जागेत कोरा कागद, वर्तमानपत्र नको. खोक्याच्या दोन बाजूंना क्रमांक. ओलसर पुस्तक प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. पावसातल्या टेम्पोसाठी प्लॅस्टिक खोक्याच्या बाहेरून, आणि पोचल्याबरोबर काढायचं.

ऐरोलीत खाडीची हवा आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेल टाकणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसी लावणं. ते घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात कॅसेटसोबतच ठेवा. कॅसेट पूर्ण मागे घेतलेल्या, पुस्तकासारख्या उभ्या. खोकी पोटमाळ्यावर नकोत, तिथे उष्णता आणि स्वयंपाकघराची वाफ दोन्ही असते. बाहेरच्या भिंतीपासून चार इंच, जमिनीपासून सहा इंच वर, लाकडी फळ्यांवर, तीनपेक्षा जास्त थर नाहीत. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, म्हणून खोलीच्या मधोमध डोंगर न करता भिंतीलगत पसरून लावा. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की त्या खोलीत दिवसातून काही तास एसी 'ड्राय'वर चालवा आणि दर पंधरवड्याला दोन-तीन खोकी उघडून वास घ्या.

नव्या इमारतीत परतल्यावर कपाटाची घाई नको. ताज्या प्लास्टरमधून पहिला पावसाळाभर ओल निघत राहते, आणि भिंतीत बसवलेलं फर्निचर ती ओल थेट पुस्तकांना देतं. पहिलं वर्ष भिंतीपासून सुटं, पत्र्याचं कपाट वापरा. सुताराला काम देताना १८ मिलिमीटर प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब करू देऊ नका, ती मधे वाकते. पाठीला हवेसाठी फट ठेवायला सांगा. सर्वात खालचा कप्पा पुस्तकांना नको, तिथे रिकाम्या कॅसेटचे डबे ठेवा.